गाणी भरून मिळतील

(दृश्य: तालुक्याच्या गावातला एसटी स्टँड. बाहेर गाळ्यांची रांग. एका गाळ्यावरची रंग उडालेली पाटी.)

पाटी अजून वाचता येते. 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील.' आत आता कव्हरं, चार्जर आणि स्क्रीन गार्ड विकतात. पंधरा वर्षांपूर्वी लग्नसराईत इथे उभं राहायला जागा नसायची.

गिऱ्हाईक मोबाईल काढायचं, मागचं झाकण उघडायचं, बॅटरी उचकटायचं आणि तिच्याखालून नखाएवढी चिप काउंटरवर ठेवायचं. मग फर्माईश. "दादा, हळदीची टाक. भीमगीतं टाक. डीजेवाली टाक. आणि आमच्या आण्णांसाठी थोडी भजनं." दादा चिप कार्ड रीडरमध्ये खोचणार, संगणकाचा डी ड्राइव्ह उघडणार आणि फोल्डरच्या फोल्डर उचलून आत सोडणार. एक जीबीच्या चिपमध्ये दोनशेच्या आसपास गाणी मावायची. पैसे घेतले जायचे ते गाण्यांचे नव्हेत, भरण्याचे. गिरणीवाला दळणाचे घेतो तसे. फरक इतकाच की गिरणीत धान्य आपलं असतं. इथे धान्य कुणाचं, हा प्रश्न ना दादाला पडला ना गिऱ्हाइकाला. खरं सांगायचं तर मलाही नाही. माझ्या चिपमध्येही याच डी ड्राइव्हचं दळण होतं.

सीडी गेली आणि डाउनलोड आलं, असं आपण सहज म्हणतो. गावोगावच्या बहुतेकांनी स्वतः काहीच डाउनलोड केलं नाही. ते दादाने केलं. आपण चिप पुढे केली.

(दृश्य: सीडीची चकचकीत बाजू, उन्हात फिरवलेली.)

सीडी १९८२ साली बाजारात आली. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून केलेली. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि ते आकड्यांत लिहून ठेवायचं, ही तिची रीत. पाच मिनिटांचं गाणं अशा रीतीने पन्नास एमबीच्या वर जातं. तिला कुलूप घातलेलं नव्हतं, कारण चोराकडे पोतंच नव्हतं. त्या काळच्या घरगुती संगणकात एक सीडी मावेल एवढी जागा कुठे होती?

पोतं मोठं होईपर्यंत मालच लहान झाला. जर्मनीत एर्लांगेनला फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचा कच्चेपणा हेरला. मोठ्या आवाजाच्या आडचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? तो गाळला की पन्नास एमबीचं गाणं पाचच्या आत बसतं. जुलै १९९५ मध्ये या फाइलच्या शेपटाला नाव मिळालं, एमपी३. एका साध्या सीडीत दहा-बारा गाण्यांऐवजी दीडशेच्या घरात गाणी बसायला लागली, आणि फुटपाथवर 'ऑल हिट्स'च्या चळती लागल्या.

पुढची अमेरिकेतली गोष्ट पुष्कळ वेळा सांगून झाली आहे. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजच्या पोराने नॅपस्टर काढलं, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट घेण्याची सोय, कंपन्या कोर्टात गेल्या, २००१ मध्ये ते बंद पडलं. २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली. तेच दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. तोवर आपल्या चिपा भरून वाहत होत्या.

पैसा बुडाला, यावर कंपन्या बोलल्या आणि अजून बोलतात. मला या काउंटरवर दुसरीच एक गोष्ट हरवलेली दिसते.

(दृश्य: कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद, हळूहळू उलगडत जाणारा.)

हा कॅसेटचा कागद. बारीक अक्षरात, पण सगळं आहे: गीत, संगीत, गायक, काही वेळा साथसंगतही. गाणं ऐकता ऐकता हा कागद वाचत बसायचा नाद अनेकांना होता. सीडीत याचंच छोटं पुस्तक झालं. पण खुद्द सीडीवर, आकड्यांच्या त्या रांगेत, बहुधा गाण्याचं नावसुद्धा नसायचं. नुसतं एक नंबर, दोन नंबर. संगणकात सीडी घातली की तो गाण्यांच्या लांबीवरून ओळख पटवायचा, आणि इंटरनेटवरच्या एका यादीतून नावं आणायचा. ती यादी भरलेली असायची कुणीतरी अनोळखी, हौशी माणसांनी, आपापल्या स्पेलिंगमध्ये.

आता एमपी३ फाइलचं शेपूट बघा. १९९६ मध्ये फाइलच्या शेवटी नावं लिहायची सोय झाली. जागा किती? १२८ बाइट. त्यात शीर्षकाला तीस अक्षरं, कलाकाराला तीस, अल्बमला तीस, मग साल, शेरा आणि प्रकार. संगीतकाराचा रकाना नाही. गीतकाराचा नाही. देवनागरीची सोय नाही. ज्या देशात गाण्याची ओळखच 'अमक्याचे शब्द, तमक्याची चाल' अशी सांगतात, तिथे ही तीस-तीस अक्षरांची पेटी आली आणि दोघांनाही बाहेर ठेवून बंद झाली. दोनच वर्षांत नव्या आवृत्तीत दोघांचे रकाने आले म्हणा. पण ते भरायचे कुणी? डी ड्राइव्हवाल्या दादाने?

उरलेला कलाकाराचा रकानाही फार दिवस मोकळा राहिला नाही. फुकट गाणी देणाऱ्या वेबसाइट त्यात स्वतःचं नाव घालू लागल्या. चिपमधली चाळीस गाणी एकाच 'गायका'ची, आणि त्या गायकाच्या नावापुढे डॉट कॉम. डीजे लोक त्याहून हुशार. त्यांनी आपलं नाव गाण्याच्या मधोमध, भरल्या ठेक्यावर, ओरडून घातलं. ते पुसायची सोयच नाही.

ही युक्ती मात्र आपल्याकडे जुनी आहे. 'तुका म्हणे' हे दुसरं काय आहे? कागद फाटो, वही बुडो, नाव अभंगातच विणलेलं. तरीही सालोमालो दुसऱ्याचं काव्य आपलं म्हणून सांगतो, ही तक्रार गाथेत आहेच. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गीतांत शेवटी 'वामन' येतो तो याच वाटेने. ज्या गाण्यांच्या वाट्याला मोठी कंपनी नव्हती, जी सभेतून सभेत आणि वस्तीतून वस्तीत गेली, त्यांनी आपलं नाव आपल्याच अंगावर गोंदून घेतलं.

(दृश्य: विधिमंडळाची इमारत, बाहेरून.)

सरकारने काय केलं, तेही सांगून टाकू. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीगुंड आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट', म्हणजे चित्रपट आणि त्यांतल्या गाण्यांच्या चोरट्या नकला करणारा, घातला. खटला न चालवता वर्षापर्यंत आत ठेवता येईल, इतका कडक. तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, संसदेने कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा बांधून दिला की तो कंपनीला लिहून घेता येऊ नये. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. वाटा ठरला. पण वाटा द्यायचा तर आधी माणूस सापडायला हवा, आणि माणसाचं नाव तर आपण शेपटातून गाळून बसलो होतो.

दुकानाची रांग मोडली ती कायद्याने नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि पोरं काउंटरशी थांबेनाशी झाली. पुढच्याच वर्षी सारेगामाने, म्हणजे जुन्या एचएमव्हीने, 'कारवां' नावाचा रेडिओसारखा डबा काढला. आत आधीच भरलेली पाच हजार गाणी. दादाचाच धंदा, फक्त पावतीसकट. गंमत म्हणजे त्या डब्यात गायकांसोबत गीतकारांच्या नावाचेही कप्पे केले होते. कॅसेटच्या कागदावरचं बारीक अक्षर असं बटणापाशी परत आलं. अर्थात सगळ्यांचं नव्हे. पाच हजारांत ज्यांना जागा मिळाली त्यांचं.

(दृश्य: गाळ्याच्या कोपऱ्यातला जुना संगणक. धूळ पुसून तो चालू केला जातो.)

दादाने तो मोडीत काढलेला नाही. "असू द्या, कुणी आण्णा येतात अजून चिप घेऊन." डी ड्राइव्ह उघडतो. 'हळद नवीन'. 'भीमगीते मिक्स'. 'नवीन फोल्डर (३)'. त्यात एक फाइल, 'ट्रॅक ०७'. कलाकार: कुठलीशी वेबसाइट, जी आता उघडतही नाही.

फाइल लागते. ढोलकी, मग एका बाईचा खणखणीत आवाज. पहिलं कडवं. डीजेची आरोळी. दुसरं कडवं. दादा मान हलवतात. "नाव ना, शेवटच्या कडव्यात येतं बघा याच्यात," ते म्हणतात, आणि आम्ही सगळे स्पीकरकडे सरकतो.

दुसऱ्या कडव्यानंतर ठेका वाढतो, आवाज उतरत जातो, आणि फाइल संपते.