लेक्सा गेली त्या सकाळी

श्रोतेहो, नमस्कार. आज मतदानाबद्दल बोलायचं आहे. निवडणुकीच्या नव्हे. ज्या मतदानाने कुणी आमदार होत नाही, बोटाला शाई लागत नाही, त्या मतदानाबद्दल.

तुमच्यापैकी ज्यांनी बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावून कान दिले असतील, त्यांना हे लगेच समजेल. 1952 साली गीतमाला सुरू झाली. अमीन सायानी आठवड्याची गाणी पायरी-पायरीने सांगायचे, आणि कुठलं गाणं कुठल्या पायरीवर, हे ठरण्यात रेकॉर्डच्या विक्रीबरोबर श्रोत्यांच्या पत्रांचाही वाटा होता. माझे वडील पोस्टकार्ड टाकायचे. आवडतं गाणं एक पायरी वर चढलं की आमच्या घरात जेवणाला गोड व्हायचं. पुढे टीव्हीवर पैसे कापून घेणारं एसएमएसचं मतदान आलं, ते मला कधी पटलं नाही, आणि ते मी इथे मुद्दाम सांगते. पोस्टकार्ड लिहायला माणूस बसतो, विचार करतो, मग पेटीत टाकतो. असो.

तर सांगायचं हे, की अमेरिकेत एलजीबीटीक्यू लोकांनी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर लोकांनी, स्वतःसाठी काढलेल्या काही वेबसाइट आहेत. सिनेमा, मालिका, गाणी यांच्याबद्दल तिथे लिहिलं जातं, आणि वर्षातून एकदा वाचक मत देऊन पुरस्कार ठरवतात. परीक्षक मंडळाचा नव्हे, वाचकांचा कौल. हे ध्यानात ठेवा. वाचकांचा कौल.

यातल्या एका साइटचं नाव 'आफ्टरएलेन'. सारा वॉर्न या बाईंनी ती 2002 मध्ये सुरू केली. नावातली एलेन म्हणजे एलेन डिजेनेरेस. 1997 च्या एप्रिलमध्ये या अभिनेत्रीने आपण समलिंगी आहोत हे जाहीर केलं, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला तिच्या मालिकेतल्या पात्रानेही ते सांगितलं. विमानतळावर ते पात्र बोलताना माइकवर वाकतं, माइक चालू असतो, आणि मनात दाबून ठेवलेलं वाक्य सगळ्या विमानतळाला ऐकू जातं. पुढच्या वर्षी मालिका बंद पडली. त्यानंतर काय, एलेननंतर काय, या प्रश्नातून ते नाव आलं.

पुढे 2009 मध्ये 'ऑटोस्ट्रॅडल' ही अशीच साइट आली. 'क्वीअर्टी' 2005 चं. क्वीअर्टीचे वाचकांच्या मतांचे पुरस्कार 2012 पासून आहेत. इतकी माहिती पुरे. आता मी तुम्हाला माझ्या भाचीची गोष्ट सांगते. मला आज मुळात तीच सांगायची आहे.

2016 चा मार्च महिना. मी न्यू जर्सीला भाचीकडे होते. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून लाडू, मेतकूट, गोडा मसाला घेऊन मी गेले. शुक्रवारची सकाळ होती, 4 मार्च. मी स्वयंपाकघरात आले तर पोरगी ओट्याला टेकून उभी. ऑफिसचे कपडे अंगावर, पायात एकच मोजा, दुसरा हातात. डोळे सुजलेले. रात्रभर रडली होती हे दिसत होतं.

मी विचारलं, "काय झालं गं?"

म्हणाली, "मावशी, लेक्सा गेली."

मी पातेलं ठेवलं, पाणी घातलं, आलं ठेचायला घेतलं. दुःखाच्या माणसाला आधी चहा द्यावा, प्रश्न नंतर विचारावेत, हे मला आईने शिकवलं. आणि चहा उकळलेला हवा. गरम पाण्यात पिशवी बुडवून देतात त्याने कुणाच्याही जिवाला आधार येत नाही. चहा उकळत असताना मी विचारलं, "किती वर्षांची होती? घरी कोण कोण आहे तिच्या?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, ती सिरीयलमधली आहे."

मी गॅस बंद केला. आपल्याकडे अशा वेळी पटकन म्हणतात, 'एवढंच ना? त्यात काय रडायचं?' माझ्याही जिभेवर ते आलं होतं. ते मी गिळलं, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. कारण मी गप्प बसले म्हणून ती पुढचं बोलली. मोजा हातात पिळत, फरशीकडे बघत म्हणाली, "मावशी, मी पण तिच्यासारखीच आहे."

श्रोतेहो, अठ्ठावीस वर्षांची पोर. तिच्या बारशाचे घुगरीचे द्रोण मी भरलेले. आणि तिच्या मनातली ही गोष्ट मला त्या दिवशी, एका मालिकेतलं पात्र मेलं म्हणून कळली. मी तिला जवळ घेतलं. चहा पातेल्यातच राहिला.

ही लेक्सा कोण, तर 'द हंड्रेड' नावाच्या मालिकेतली सेनानी. बारा कुळांना एका झेंड्याखाली आणणारी. तिचं दुसऱ्या एका मुलीवर, मालिकेच्या नायिकेवर, प्रेम. कितीतरी भाग त्यांचं जमता जमत नाही, आणि 3 मार्चच्या भागात त्या दोघी अखेर एकमेकींच्या होतात. त्यानंतर काही मिनिटांतच गोळी सुटते. नेम नायिकेवर असतो, लागते लेक्साला. एवढी लढवय्यी, आणि मरते भरकटलेल्या गोळीने.

त्या रात्री जेवण झाल्यावर भाचीने लॅपटॉप उघडला. "मावशी, हे एकदाच का झालं असेल असं वाटतं तुला?" असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी चष्मा लावला. 2002 साली, आफ्टरएलेन सुरू झाली त्याच वर्षी, दुसऱ्या एका गाजलेल्या मालिकेतली टारा नावाची मुलगी अशीच मेली होती. प्रेयसीशी समेट होतो, आणि खिडकीतून भलत्यालाच मारलेली गोळी येते. चौदा वर्षांनी पुन्हा तेच. तेच सुख, तीच गोळी.

त्या महिन्यात ऑटोस्ट्रॅडलवर एक यादी आली. टीव्हीवरच्या मेलेल्या लेस्बियन आणि उभयलिंगी स्त्री-पात्रांची यादी. पहिल्यांदा छापली तेव्हा 65 नावं होती. पासष्ट. मग वाचक लिहू लागले, ही राहिली, ती राहिली, आमच्या देशातली अमुक राहिली. यादी दोनशेच्या वर गेली. दोनशेच्या वर! मी निघायच्या आधीच्या आठवड्यात भाची रोज संध्याकाळी ती वाचून दाखवायची. नाव, मालिका, वर्ष, मरण कसं आलं. गोळी. गाडीखाली. खून. आत्महत्या. गोळी. मला आपल्या गावातल्या मर्तिकाच्या वहीची आठवण झाली, जिच्यात घरातली माणसं तारीख-तिथी लिहून ठेवतात. इथे घरातली माणसं म्हणजे वाचकच होते.

नुसतं रडत बसले नाहीत हो हे लोक. लेक्साच्या नावाने वर्गणी काढली आणि 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' या संस्थेला दिली. एलजीबीटीक्यू मुलामुलींनी जीव देऊ नये म्हणून ही संस्था हेल्पलाइन चालवते. वर्गणी एक लाख डॉलरच्या वर गेली. पुढच्या वर्षी लास व्हेगसला या चाहत्यांनी मोठं संमेलन भरवलं.

आता मतदानाकडे येते. यादी वाचून झाल्यावर एके संध्याकाळी भाची म्हणाली, "आता दुसरी यादी दाखवते, ही जिवंत बायकांची." आफ्टरएलेनने 2007 पासून 'हॉट हंड्रेड' नावाची यादी काढली होती. पुरुषांच्या मासिकांत देखण्या बायकांच्या याद्या येतात, त्या कोण ठरवतं? पुरुष. तर इथे बायकांनी बायका निवडायच्या, वाचकांनी नावं पाठवायची आणि मतं मोजून शंभर जणी जाहीर करायच्या. त्यात नटी असायच्या, तशा गायिका, खेळाडू, बातम्या सांगणाऱ्या बायकाही असायच्या.

भाची सांगत होती, 2008 साली ती पुण्यात इंजिनिअरिंगला होती. हॉस्टेलवर इंटरनेट नव्हतं. कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत कोपऱ्यातलं एकच मशीन असं होतं, की त्याचा पडदा दाराकडे नव्हता. त्या मशीनसाठी ती अर्धा अर्धा तास थांबायची. परीक्षा तोंडावर. टेबलावर मेकॅनिक्सचं पुस्तक उघडं, आणि पडद्यावर ती साइट. तिने नावं टाईप केली, बटण दाबलं, हिस्ट्री पुसली, पैसे दिले आणि वहीत पेन अडकवून बाहेर आली. म्हणाली, "मावशी, तेव्हा मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, रूममेटला नाही, आरशातसुद्धा नाही. पण कुठेतरी कुणीतरी मोजत होतं, आणि त्या मोजणीत मी एक होते."

मोजणीत मी एक होते. हे वाक्य मी परत म्हणते, कारण या पुरस्कारांबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्यातच आहे. हे लोक जनगणनेत या नावाने मोजले जात नव्हते. घरच्या फोटोत जोडीदार नाही, लग्नपत्रिकेत नाव नाही. मत मात्र गुप्त असतं. नाव न सांगता देता येतं आणि तरी मोजलं जातं.

या पुरस्कारांत खोट नाही असं मी म्हणणार नाही. क्वीअर्टीसारख्या ठिकाणी उमेदवारांची नावं संपादक ठरवतात, वाचक त्यातून निवडतात. ज्याचे चाहते फोनवर जास्त चिकाटीने बसतात तो जिंकतो. छोट्या, चांगल्या कामाला मागे बसावं लागतं. आणि या सगळ्या साइट्सचं पोट जाहिरातींवर. आफ्टरएलेन 2006 मध्ये एका मोठ्या टीव्ही कंपनीकडे गेली, नंतर दुसऱ्या कंपनीकडे, आणि त्याच 2016 च्या सप्टेंबरमध्ये तिच्या संपादिकेने वाचकांचा निरोप घेतला. ऑटोस्ट्रॅडल बरीचशी वाचकांच्या वर्गणीवर तगली. माझं मत स्पष्ट आहे. जे आपलं वाटतं त्याला महिन्याला चार पैसे द्यावेत. दिवाळी अंकही आपण उसने आणून वाचतो आणि मग अंक बंद पडला म्हणून हळहळतो.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. अशोक राव कवींनी 1990 मध्ये मुंबईतून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं. इंटरनेटवर 'गेसी' 2008 पासून आहे, 'गेलॅक्सी' 2010 पासून. मुंबईत 'कशिश' हा क्वीअर, म्हणजे एलजीबीटीक्यू, चित्रपट महोत्सव 2010 पासून भरतो. 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 बद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसं लिहीत होती, वाचत होती. आणि एक विनंती. घरात बोलताना 'तसले लोक' म्हणू नका. समलिंगी हा शब्द आहे, चांगला मराठी शब्द आहे, तो रेडिओवर मी बोलते आहे, तुम्हालाही बोलता येईल.

भाचीने ताईला सांगायला पुढे तीन वर्षं घेतली. ताई सहा महिने तिच्याशी नीट बोलली नाही, हेही खरं आहे, आणि ते महिने आम्हा सगळ्यांना फार जड गेले. अलीकडे मी ताईकडे होते. फेब्रुवारीतली संध्याकाळ. भाचीचा मेसेज आला, 'मावशी, क्वीअर्टीचं मतदान सुरू झालंय, विसरू नकोस.' मी फोन घेऊन खिडकीशी बसले. नावं बारीक अक्षरात होती, मी मोठी करून बघत होते. ताई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं, चष्मा पदराला पुसला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाली, "दाखव बघू. तिला कोण आवडतं यातलं?"

नमस्कार.