गुण देण्याआधी गावाला विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेत एक नवा विषय दिसू लागला आहे. कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्रॅम, म्हणजे पोरांच्या तोंडचं सीईपी. 2 क्रेडिटचा, म्हणजे 2 श्रेयांकांचा विषय. हिशेबाने 60 तास लोकांमध्ये जाऊन काम करायचं, अहवाल लिहायचा आणि गुण मिळवायचे. आजवर हे काम बहुतेक एनएसएसमधल्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या हौशी मुलामुलींपुरतं होतं, आता ते पदवीचाच भाग झालं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण गुण द्यायचे तर ते नेमके कशाचे, हे आपण अजून नीट ठरवलेलं नाही, आणि ते लवकर ठरवायला हवं.

यातल्या अहवालांची एखादी फाइल उघडून पाहा. वर महाविद्यालयाचं पत्र. मग हजेरीपत्रक. मग तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेले जिओटॅग फोटो, हातात झाडू, मागे बॅनर. शेवटी सरपंचांच्या सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र, ज्याचा मजकूर बहुतेक वेळा महाविद्यालयातच टाइप झालेला असतो. मुलं गावात गेली होती, एवढं या कागदांवरून नक्की कळतं. ती काय शिकली आणि गावाला काय मिळालं, हे मात्र कळत नाही.

ही सवय आजची नाही. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. 2 वर्षांत 240 तास आणि 7 दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा नेम. तास मोजायचे म्हणजे रजिस्टर आलं. पुढे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, स्वमूल्यमापन अहवालातही विस्तारकार्याखाली वर्षानुवर्षं हेच विचारलं गेलं, कार्यक्रम किती झाले आणि विद्यार्थी किती आले. जे विचारलं जातं तेच महाविद्यालय जमवतं, यात प्राध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बीएस्सी रसायनशास्त्राची चार मुलं एका गावात पिण्याच्या पाण्यावर काम करताहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. पाण्यात पुरेसा क्लोरिन उरला की नाही, हे पाहायला ओटी टेस्ट असते. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. टाकीजवळच्या नळाला रंग येतो आणि वस्तीच्या टोकाच्या नळाला येत नाही, असं या मुलांना दिसलं.

इथून दोन अहवाल निघू शकतात. पहिल्यात असेल: ‘पाणी शुद्धीकरणाबाबत जनजागृती केली. ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. आम्हाला खूप काही शिकायला मिळाले.’ दुसऱ्यात असेल: ‘टोकाच्या नळाला सलग तीन दिवस रंग आला नाही. आधी वाटलं, पावडर कमी पडते. जलसुरक्षक काकांना विचारलं तेव्हा कळलं, माप ठीक आहे, पण पोतं उघडंच राहतं आणि पावसाळ्यात दमट होतं. म्हणून थोडी पावडर कॉलेजात नेऊन तिच्यात किती क्लोरिन उरलाय ते काढलं.’ ब्लीचिंग पावडरमधला क्लोरिन टायट्रेशनने, म्हणजे ब्युरेट नावाच्या मापनळीतून द्रावण थेंबथेंब सोडून, काढायचा प्रयोग ही मुलं प्रयोगशाळेत एरवीही करतातच. आता त्या ब्युरेटमधल्या आकड्यावर एका वस्तीचं पाणी अवलंबून आहे. हे सेवेतून शिक्षण. आधी एक अंदाज होता, मग कुणाला तरी विचारलं, मग अंदाज बदलला आणि तपासायची रीतही बदलली. गुण द्यायचे ते या बदलाला.

एक धोका मात्र सांगायला हवा. मुलांनी अनुभव लिहावा, असं आपण म्हणतो आणि त्यातल्या भावनेला गुण देतो. मुलं हुशार असतात. ‘या सात दिवसांनी माझा दृष्टिकोनच बदलून गेला’ या वाक्याला गुण मिळतात हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी सगळ्यांचाच दृष्टिकोन बदलतो. कुणाचं मन किती हललं, हे परीक्षकाने मोजायला जाऊ नये. काय पाहिलं, कुणाला काय विचारलं आणि त्यावरून काय ठरवलं, एवढंच तपासावं. एखादी मुलगी लिहील की आमचा उपाय चालला नाही, आणि का चालला नाही तेही नीट मांडेल. तिला पैकीच्या पैकी मिळाले तरी मला चालेल.

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत अशा कामाच्या मूल्यमापनाचा खोलवर विचार झाला. त्यांनी चार बाजू धरल्या: विद्यार्थी, प्राध्यापक, समाज आणि संस्था. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या बाजूचं थोडंफार होतं, संस्थेच्या बाजूचे आकडे जमतात, प्राध्यापकाच्या वाट्याला रजिस्टरं येतात. समाजाची बाजू मात्र सरपंचांच्या सहीपाशी संपते, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

शहराजवळच्या गावांना विचारा. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं फॉर्म घेऊन दारात उभी. घरात माणसं किती, शौचालय आहे का, गॅस आहे का. बाई हातातलं काम टाकून उत्तरं देते. त्या फॉर्मचं पुढे काय झालं, हे तिला कुणी येऊन सांगत नाही. तिचा वेळ कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

मग गावाच्या हाती 50 पैकी 10 गुण द्यावेत का? मला ते पटत नाही. आपली माणसं मायाळू, लेकरं उन्हातान्हात आली म्हणून दहापैकी दहा देऊन मोकळी होतील. त्यापेक्षा गावाकडून उत्तरं घ्यावीत. कोणतं काम तुमच्या उपयोगी पडलं? कशात तुमचा वेळ वाया गेला? पुन्हा आलो तर काय करावं? हे विचारायला त्या गटाच्या प्राध्यापकाने जाऊ नये, दुसऱ्या कुणीतरी जावं, आणि फक्त सरपंचांना विचारू नये. आशाताई, अंगणवाडीताई, जलसुरक्षक, टोकाच्या वस्तीवरच्या बाया, यांना विचारावं. शक्य असेल तिथे मुलांनी आपले निष्कर्ष ग्रामसभेत मांडावेत. तिथे येणारे प्रश्न तोंडी परीक्षेपेक्षा अवघड असतात. आणि सहा महिन्यांनी कुणीतरी परत जाऊन ओटीचे थेंब पुन्हा टाकून पाहावेत. सत्र संपल्यावर हे काम कुणाचं, हा प्रश्न खरा आहे. पुढच्या तुकडीचं ते पहिलं काम ठरवलं, तर तो सुटतो.

प्राध्यापकांसाठी एकच सांगतो. 100 मुलांचे 60 तास एका माणसाच्या गळ्यात बांधले, तर तो फोटोच मागणार. गावात गेलेले तास त्याच्या कार्यभारात मोजले गेले पाहिजेत. त्याशिवाय मी आतापर्यंत सांगितलेलं काहीही होणार नाही.

आणि गावातल्या श्रोत्यांनो, उद्या कॉलेजची मुलं तुमच्या दारात आली तर त्यांना जरूर बसवा, चहापाणी करा. पण फॉर्म भरायच्या आधी विचारा, ‘बाळांनो, ही माहिती परत कधी आणून दाखवाल?’ तारीख सांगतील ती त्यांच्याच फॉर्मवर लिहून घ्या.

नमस्कार.