टेकाडापलीकडचं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जेवणाच्या टेबलावरच्या लढाईबद्दल. काळ नेपोलियनचा, शिपाई 28 मिलिमीटर उंचीचे, एकेक हातानं रंगवलेला. पट्टीनं मोजून चालायचं, फासे टाकून गोळीबाराचा निकाल लावायचा. नियम एवढेच पुरेत. एक मात्र लक्षात ठेवा: घोडदळ आलं की पायदळानं चौकोन करायचा, चारी बाजूंना संगिनी. संगिनींवर घोडा जात नाही. हाच चौकोन तोफांपुढे मात्र उघडा पडतो.

तर आम्ही तिघं मित्र वॉटर्लू, म्हणजे नेपोलियनची शेवटची लढाई, खेळत होतो. 18 जून 1815, दुपारचे चार. हिरव्या चादरीखाली दिवाळी अंकांचे गठ्ठे ठेवून टेकाड केलेलं. मी इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन, एक मित्र पंच, आणि दुसरा फ्रेंचांचा मार्शल नेय. तोफा नाहीत, पायदळ नाही, नुसतं घोडदळ घेऊन नेय चौकोनांवर का धावून गेला, यावर हा मित्र महिनाभर चिडून बोलत होता. "इतकं साधं कळू नये?"

हा वेलिंग्टन आपल्याला परका नाही बरं का. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी तो लढला. केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा इथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, असणारच, हे त्यानं ताडलं आणि फौज पार नेली. माझं ठाम मत आहे, लढाईची जागा पायी फिरावी आणि लढाई झाली त्याच महिन्यात फिरावी. मे महिन्यात असईला जाऊन ती नदी कळायची नाही.

हं, तर पंचानं काय केलं, मित्राची खुर्ची काढून घेतली आणि त्याला पाटावर बसवलं. त्याचे डोळे आले टेबलाच्या पातळीला. आता त्याला टेकाडाचा माथा दिसतोय, पलीकडचं काही नाही. पलीकडचं काहीच नाही! मी माझ्या पलटणी माथ्यापासून वीतभर मागे घेतल्या. जखमींची एक गाडी ब्रसेल्सच्या रस्त्यानं मागे नेली. त्याला दिसली ती तेवढी गाडी.

"पळाले रे!" तो ओरडला आणि सगळं घोडदळ वर चढवलं.

पंच म्हणाला, "आता ऊठ."

तो उठला. दिवाळी अंकांच्या मागे माझे सात चौकोन उभे होते, रुपेरी रंगाच्या संगिनी बाहेर रोखलेल्या. कितीतरी वेळ तो बोलला नाही. एक घोडेस्वार उचलला, जिथून निघाला होता तिथे परत ठेवला, मग खाली वाकून पुन्हा टेकाडाकडे पाहिलं.

"अरे," तो म्हणाला, "इथून दिसतच नाही."

फासे त्या दिवशी पुढे कुणी टाकलेच नाहीत. येत्या रविवारी पाटावर मी बसणार आहे.