काकाजी, कागद कायले पायजे?

(दृश्य: तालुक्याच्या गावचा मेन रोड, बाजाराचा दिवस. शटरवाल्या गाळ्यांची रांग.)

दारव्हा घ्या, दिग्रस घ्या, आर्णी, कारंजा, मूर्तिजापूर, कुठलंही तालुक्याचं गाव घ्या, मेन रोडला असे गाळे दिसतातच. खाली तीन शटर, वर स्लॅब, आणि स्लॅबवर कॉलमचे रॉड उघडेच, म्हणजे वरचा मजला चढवायचाय पण पैसा आला की. कुणी रिटायरमेंटचा पैसा यात टाकलाय, कुणाचं वावर रोडमध्ये गेलं त्याचा मोबदला टाकलाय. समोरचा गाळा कृषी केंद्राला, बाजूचा मोबाईल रिपेरिंगला, मागच्या दोन खोल्या नव्या आलेल्या मास्तरला नाहीतर ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला. महिन्याचा किराया हातात येतो आणि म्हातारपण जरा सुखाचं जातं.

आता यातल्या कुठल्याही मालकाला विचारा, कागद केला का हो? बहुतेक जण हसतात. "कायचा कागद बावा, ओळखीचा पोट्टा आहे."

(दृश्य: बंद शटर, कुलूप. चेहरा न दाखवता हात.)

हे काकाजी एसटीत ड्रायव्हर होते. नाव नाही सांगत, गाव पण नाही. रिटायर झाल्यावर रोडवर गाळे काढले, एक गाळा ओळखीच्याच माणसाच्या पोराला दिला, २,५०० रुपये महिना, डिपॉझिट २०,००० रोख. पोरगं म्हणालं, "काकाजी, कागद कायले पायजे, आपण काय परके आहो काय?" आणि काकाजींनाही ते पटलं, कारण गावात कागद मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं असंच धरतात लोक. पहिलं वर्ष चांगलं गेलं, मग सोयाबीनचा भाव पडला, उधारी अडकली, किराया दोन महिने नाही, चार महिने नाही. काकाजींनी गाळा खाली कर म्हटलं तर पोरगं म्हणते, किराया तर १,५०० च ठरला होता, मी जास्तीच दिलाय, आणि डिपॉझिट दोन लाख दिलंय ते आधी परत करा. "लिहिलेलं कुठी हाय तुमच्याजवळ?"

तुम्ही म्हणाल, त्याच्याजवळ तरी लिहिलेलं कुठं आहे? बरोबर आहे, पण कायदा इथं दोघांना सारखं धरत नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या घरमालकांना माहीतच नसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याचं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा नाहीतर लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी) करार लेखीच पाहिजे आणि रजिस्टरच झाला पाहिजे, आणि ही जबाबदारी घरमालकाची. किरायदाराची नाही, मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि यापेक्षा भारी म्हणजे अटी काय ठरल्या होत्या यावर वाद झाला की किरायदार जे सांगेल ते खरं धरायचं, मालक ते खोटं ठरवून दाखवत नाही तोपर्यंत. म्हणजे त्या पोट्ट्याचे १,५०० आणि दोन लाख, हे खोटं आहे हे सिद्ध करायचं काम काकाजींच्या डोक्यावर. रोख व्यवहार, साक्षीदार नाही, पावती नाही. करा सिद्ध.

(दृश्य: तहसीलसमोर दस्तलेखकांची टेबलं, टाईपरायटर, शिक्के.)

काही जण म्हणतील आम्ही केलाय ना कागद. बॉण्ड आणला, पूर्वी शंभराचा आता पाचशेचा, टाईप केलं, नोटरीचा लाल शिक्का मारला, अकरा महिन्यांचा करार, झालं. नाही झालं भाऊ. नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. नोटरीनं फक्त सही कुणी केली एवढं पाहिलं, कागद सरकारदरबारी कुठं नोंदला गेला नाही. आणि ते अकरा महिन्यांचं जे खूळ आहे ते जुन्या नोंदणी कायद्यावरून आलंय, १९०८ चा तो, त्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं, म्हणून लोक एक महिना कमी करून वाचवत होते. कलम ५५ मध्ये अशी काही सूट नाही, अकरा महिन्यांचा असो की पाच महिन्यांचा, रजिस्टर करायचा.

खर्चाचं लोक उगाच भेव घेतात. लिव्ह अँड लायसन्सला स्टॅम्प ड्युटी एकूण किरायाच्या पाव टक्का. काकाजींचा हिशोब करू, २,५०० गुणिले ११ म्हणजे २७,५००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते यात मिळवतात, २,००० म्हणा, झाले २९,५००, त्याचा पाव टक्का पाऊणशेच्याही आत, आपण शंभर धरून चला. रजिस्ट्री फी नगरपरिषदेच्या हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. वर एजंटचे काय असतील ते. घरी बसून ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याची मशीन घेऊन येतो, आधारवर दोघांचे अंगठे, साक्षीदारांचे अंगठे, फोटो, झालं. फवारणीच्या एका औषधाच्या डब्यात यापेक्षा जास्त जातात.

आता गावाकडचा एक पेच. हा भाडे नियंत्रण कायदा प्रत्येक खेड्याला सरसकट लागू नाही, कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतले भाग आणि जिथं जुना भाडे कायदा चालू होता ते भाग एवढ्यांनाच लागू आहे. आपल्या विदर्भात पूर्वी सी. पी. अँड बेरारचा (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता, त्यात तर किरायदाराला नुसती नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढा, जुने वकील अजून त्याच्या गोष्टी सांगतात. जिथं नवा कायदा लागू नाही त्या गावात मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चालतो, महिन्याच्या किरायाला पंधरा दिवसांची नोटीस. तुमचं गाव कशात येतं ते तालुका कोर्टातल्या वकिलाला विचारून घ्या, शेजाऱ्याला नका विचारू. आणि लागू नसलं तरी रजिस्ट्री करायला कुणी अडवलंय, ५०० रुपये फी आहे.

राहायची खोली आणि धंद्याचा गाळा, यात पण फरक आहे. राहायला दिलेल्या जागेचं लिव्ह अँड लायसन्स असेल आणि मुदत संपूनही माणूस निघत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यानं बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर खाली करायचा आदेश होऊ शकतो, वरून मुदतीनंतर जितके दिवस राहिला तितक्या दिवसांचा किराया दुप्पट. आणि तिथं लेखी करारात जे लिहिलंय तेच निर्णायक पुरावा. गाळ्याला ही सोय नाही, गाळ्यासाठी दिवाणी कोर्टाचीच पायरी चढायची, म्हणून गाळा देताना तर जास्तच घट्ट कागद पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकं उलटं होते, खोली देताना आधार कार्डची झेरॉक्स मागतात आणि गाळा तोंडी देतात.

जागा बँकेला दिली असेल तर गोष्टच वेगळी. बँका, सरकारी उपक्रम, एक कोटी किंवा त्यावर भांडवल असलेल्या कंपन्या, यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण नाही, तिथं करारच सगळं. त्यामुळे बँकेनं पाठवलेला छापील करार वाचल्याशिवाय सही करू नका, पुढची पंधरा वर्षं किराया किती वाढेल ते त्याच्यातच असते.

(दृश्य: पारावर बसलेली माणसं.)

पारावर बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येते, बारा वर्षं राहिला की घर त्याचं. या एका भीतीपायी कित्येकांनी वाड्याला कुलूप लावून ठेवलंय, वाळवी खाते पण किरायानं देत नाहीत. असं नसते. बारा वर्षांची गोष्ट कब्जेदाराची आहे, जो मालकाला न विचारता, त्याचा हक्क नाकारून राहतो त्याची. किरायदार तुमच्या परवानगीनं आत आलाय, किरायदार म्हणून राहतो तोवर त्याला तुमची मालकी नाकारता येत नाही. पण तो किरायदारच आहे हे दाखवायला काहीतरी हातात पाहिजे न, करार नाहीतर पावती. मग पुन्हा तेच आलं.

व्हॉट्सॲपवर २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टचे मेसेज फिरतात, दोन महिन्यांचंच डिपॉझिट आणि काय काय. तो केंद्राचा नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. सोडा त्याला.

खरा घोळ होतो तो राग आल्यावर. चार महिने किराया नाही, फोन उचलत नाही, मग मालक पोरांना घेऊन जातो, सामान बाहेर फेकतो, दुसरं कुलूप लावतो नाहीतर मीटरचा फ्यूज काढून नेतो. इथं जिंकलेली केस हारते. वीज, पाणी तोडणं भाडे कायद्यातच मना आहे. आणि कोर्टाशिवाय कुणाला बाहेर काढलं तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मागू शकतो, घर कुणाचं आहे हा प्रश्न तिथं कोर्ट विचारतच नाही. मार्ग नोटिशीचाच आहे. किराया थकला तर लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यावर नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. दावा लागल्यावर समन्सच्या नव्वद दिवसांत त्यानं सगळी थकबाकी १५ टक्के व्याजानं आणि खर्चासकट भरली तर तो वाचतो, पण तुमचा पैसा तर आला.

पावती द्या, दर महिन्याला. पावती देणं हे पण मालकावर कायद्यानं बंधन आहे. फोन पे वर घेत असाल तर अजून चांगलं, फक्त पाठवताना 'गाळा किराया, जून' एवढं लिहायला सांगा त्याला.

(दृश्य: भिंतीवरचं मीटर, जवळून. मग ग्रामपंचायतीचं रजिस्टर.)

हे मीटर बघा. मालकाच्या नावाचं आहे, घरगुती. आत चक्की चालू आहे. महावितरणची तपासणी आली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६, परवानगी एका वापराची आणि वापर दुसराच, आकारणी दुप्पट दरानं, आणि बिल येते मालकाच्या नावावर. किरायदार रात्रीतून सामान भरून गेला तर भरा तुम्ही. म्हणून धंद्याला देताना मीटर आधी कमर्शियल करून घ्या, आणि चावी देताना रीडिंगचा फोटो काढून करारालाच लावा.

दुसरं, ग्रामपंचायतीचा नमुना ८. कर आकारणीचं रजिस्टर. यात मालकाच्या नावाचा कॉलम असते आणि भोगवटा करणाऱ्याचा, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, वेगळा. किरायदारानं टॅक्स भरतो भरतो म्हणत भोगवट्यात नाव चढवून घेतलं की त्यानं काही तो मालक होत नाही, पण भांडणात ते पान घेऊन तो नक्की उभा राहते. वर्षातून एकदा उतारा काढून पाहा. टॅक्स स्वतः भरा, किरायात धरून घ्या हवं तर.

पोलीस स्टेशनला किरायदाराची माहिती द्यायची, फॉर्म असतो, फोटो, आधार. पोचचा शिक्का मारलेली प्रत आपल्याजवळ ठेवायची.

(दृश्य: वावर. तुरीचं तास, मध्ये कापूस.)

शेत ठेक्यानं देणं यातलं काहीच नाही, तो सगळा वेगळा कायदा. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे, त्यात दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो, घरचा माणूस किंवा पगारी गडी नसेल तर. तुम्ही बॉण्डवर 'अकरा महिन्यांचा ठेका, कुळाचा हक्क नाही' असं लिहून घेतलं म्हणून तो कायदा गप्प बसतो असं नाही. दरवर्षी सातबारा काढून बघा, ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाईलवरून स्वतः करा, ठेकेदाराला ओटीपी देऊन मोकळे होऊ नका. आणि ठेका देण्याआधी वकील. गाळ्याच्या बाबतीत एकवेळ एजंटवर भागते, वावराच्या बाबतीत नाही.

(दृश्य: गाळ्याचं उघडं शटर, आत रिकामे रॅक.)

काकाजींचं काय झालं म्हणाल तर मधात चार माणसं बसली, थकलेला किराया सोडला आणि वरून ३०,००० देऊन गाळा खाली करून घेतला. आता नवा किरायदार आहे, करार रजिस्टर केलाय. पण जुन्याकडून एक गोष्ट त्यांनी वकिलाच्या सांगण्यावरून करून घेतली, ताबा पावती. अमुक तारखेला गाळा खाली करून चावी परत दिली, डिपॉझिटचा हिशोब पूर्ण झाला, मीटर रीडिंग इतकं, कुणाचं काही येणं नाही, खाली त्याची सही आणि दोन साक्षीदार. त्या पोरानं सही करताना पण म्हटलंच, "आता हा कागद अजून कायले?" काकाजींनी पेन पुढं केला.