पेटीवरचं नाव

(पडद्यावर : मातीची सपरी. कोपऱ्यात काळी लोखंडी पेटी, वर गोधड्यांची चळत.)

वर्धा जिल्ह्यातलं एक लहानसं गाव. सकाळचे आठ. आजी एकेक गोधडी खाली ठेवतात, पदरानं पत्रा पुसतात, आणि अक्षरं दिसायला लागतात. आधी नंबर. मग हुद्दा. मग नाव.

"त्याईची पेटी हाय," आजी म्हणतात. "माणूस नाई आला. पेटी आली."

१९७१ सालचा डिसेंबर. ३ तारखेला युद्ध पेटलं, १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. इकडे कापसाची वेचणी ऐन भरात होती. आजी तेव्हा १९ वर्षांच्या. गावात रेडिओ एकाच घरी. विजयाची बातमी आली तेव्हा त्या घरासमोर गुलाल उधळला गेला, आणि वेचणीवरून परतलेल्या आजीही त्या गर्दीत होत्या. तार आली ती चार दिवसांनी.

त्या काळी सीमेवर पडलेल्या जवानाचा देह सहसा घरी येत नसे. तिथंच, सोबत्यांच्या हातून अग्नी दिला जाई. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावाच्या वेशीवर येते, हे चित्र आपल्या डोळ्यांत बसलं ते १९९९ च्या कारगिलपासून. १९६२, १९६५, १९७१ मधल्या कितीतरी घरांना शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

(गावातली जिल्हा परिषदेची शाळा. सातवीतली एक मुलगी उभी राहून वाचते आहे.)

"अनाम वीरा, जिथे जाहला तुझा जीवनान्त,
स्तंभ तिथे ना कुणी बांधला, पेटली ना वात."

कुसुमाग्रजांची ही कविता आपण किती वेळा ऐकली असेल! १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला स्पीकरवर लागते, आणि गाणं म्हणून कानांवरून निघून जाते. ती सावकाश, शब्द लावत वाचायला हवी, असं आम्हांला या वर्गात बसल्यावर वाटलं. मुलगी 'रियासत' या शब्दाशी अडली. बाईंनी सांगितलं, रियासत म्हणजे इथं राज्याचा लिहून ठेवलेला इतिहास. त्यात तुझं नाव कुणी नोंदलं नाही, असं कवी त्या वीराला सांगतो आहे.

पूर्ण कवितेत शत्रूचं नाव नाही, रणांगणाचं नाही, सन नाही. म्हणून ती कुणालाही आपली वाटते. याच जिल्ह्यातल्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ ला लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळ्या झेलून पडले. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटलं. आष्टीच्या नावापुढं आजही 'शहीद' लिहितात. गावानं आपल्या नावातच स्मारक बांधलं.

पण आम्ही थांबलो ते एका दुसऱ्याच ओळीपाशी.

"जळावयास्तव संसारांतुन उठोनिया जाशी."

संसारातून उठून जाणं. भरल्या ताटावरून उठावं तसं. ही ओळ आम्ही आजींना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिवाळीची सुट्टी होती. अर्ध्यातच परत बलावलं. जेवतच होते. भाकर तशीच ठेवली, हात धुतला अन् उठले. मी म्हनलं, तेवढी तं खाऊन घ्या. म्हने, आल्यावर खाईन."

(पडदा काही क्षण स्थिर. आवाज नाही.)

मौन कसं पाळावं, हे विदर्भाला शिकवावं लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात आणि एवढ्या गर्दीत पाखरांचा आवाज ऐकू येतो. हेच महाराज १९६२ मध्ये आणि १९६५ मध्ये खंजिरी घेऊन सीमेवरच्या जवानांपर्यंत गेले होते.

जाणं मात्र थांबलेलं नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. त्यातले दोघे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले. त्याच वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीत जांभुरखेड्याजवळ भूसुरुंगानं १५ पोलीस जवानांचा बळी घेतला. कागदोपत्री सैन्य वेगळं, राखीव दल वेगळं, पोलीस वेगळे. गावात तसा फरक कुणी करत नाही. पोरगं ड्युटीवर गेलं आणि आलं नाही, एवढंच गाव जाणतं.

स्तंभही आता उभा आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं लोकार्पण झालं. त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये २५,९४२ नावं कोरली होती. आजींच्या दिराचा नातू गेल्या वर्षी तिथं जाऊन आला. तासभर शोधल्यावर त्याला नाव सापडलं. फोटो काढून आणला.

आजींनी मोबाईल दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला. त्यांना वाचता येत नाही.

"सोनेरी हाय," त्या म्हणाल्या.

(पेटीवरची अक्षरं, अगदी जवळून.)

नीट बघा. ही अक्षरं मूळची पांढरी. पण ऊन-पावसात, गोधड्यांच्या घासण्यानं रंग उडतो. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेल्या ऑइलपेंटनं घरातलं कुणीतरी हे नाव पुन्हा गिरवतं. आधी सासरे गिरवायचे, मग दीर, आता तो नातू. ज्या वर्षी शिंगांना जो रंग, तोच नावाला. एका अक्षराचा कोपरा उडाला आहे तिथं पिवळ्याखाली हिरवा दिसतो, हिरव्याखाली लाल, त्याखाली पुन्हा पिवळा. अगदी तळाशी, नखाएवढा, फौजेतल्या पेंटरनं दिलेला पांढरा.

नंबरातला एक आकडा मध्यंतरी पार पुसून गेला होता. नातवाला काय लिहावं कळेना. आजी चुलीपाशी होत्या. तिथूनच त्यांनी सगळे आकडे ओळीनं म्हणून दाखवले.

आम्ही निघताना त्यांना विचारलं, यंदा कोणता रंग?

"बैल तं विकले," आजी म्हणाल्या. "पन रंग आनला हाय."