अर्ज भरताना नेमकं अडतं कुठे

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी भरतीच्या ऑनलाइन अर्जाच्या तळाशी एक हमीपत्र असतं. वर दिलेली माहिती खरी आहे, ती खोटी आढळल्यास माझी उमेदवारी रद्द करावी, असा त्याचा मजकूर. त्यापुढच्या चौकोनात खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. ज्या उमेदवाराला दिसत नाही, पण जो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून संगणक रोज वापरतो, त्याला तो अर्ज स्वतः तपासताच आला नाही, तर ही हमी त्याने कशाच्या भरवशावर द्यायची?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: नेटकॅफेत जा, सेवा केंद्रातून भरून घ्या. म्हणजे पासवर्ड दुसऱ्याच्या हातात, ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवायचा, प्रवर्ग आणि पसंतीक्रम त्याने काय भरला यावर विश्वास ठेवायचा. चूक झाली की कागदपत्र पडताळणीत बाद होतो तो उमेदवार. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३४ ने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागेपर्यंत जाण्याची वाट अर्जातूनच जाते. म्हणून आज हा अर्ज वरपासून खालपर्यंत पाहू. तुम्ही उमेदवार असाल, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत भरतीचं काम पाहत असाल, किंवा अशा वेबसाइट बनवत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

सुरुवात जाहिरातीपासून. जाहिरात बहुतेक वेळा पीडीएफ असते, आणि तीही सही-शिक्क्याच्या कागदाचं स्कॅन. स्कॅन म्हणजे चित्र. स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. काही पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना तिथे मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे कानावर निव्वळ गोंधळ पडतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीचं अक्षर त्याच अक्षर म्हणून साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेल्या मजकुराचीही पीडीएफ करताना पुष्कळदा ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. उपाय सोपा आहे. सही-शिक्क्याची प्रत राहू द्या, पण तोच मजकूर साध्या वेबपानावर युनिकोडमध्ये द्या, मथळे मथळे म्हणून आणि तक्ते तक्ते म्हणून. त्या पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करा. ही नोंद दोन अक्षरांची आहे. ती इंग्रजी राहिली, तर स्क्रीन रीडरचे काही आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळून पुढे जातात.

मग येते नोंदणी, आणि तिथे कॅप्चा. वेडीवाकडी अक्षरं ओळखा आणि लिहा. ज्याला दिसत नाही त्याची वाट इथेच बंद होते. आवाजाचा कॅप्चा दिला तरी तो बहुधा खरखरीतल्या इंग्रजीत असतो, आणि ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्याला दोन्ही निरुपयोगी. खरं तर मोबाइल आणि ईमेल दोन्हींवर ओटीपी पाठवत असाल, तर समोर माणूस आहे याची खात्री बऱ्याच अंशी तिथेच होते. यंत्रांचा मारा थोपवायला सर्व्हरवर मर्यादा घालता येते. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटी करू नका. प्रत्येक चौकटीला नाव नसतं, कर्सर आपोआप पुढे उडी मारतो आणि एक अंक चुकला तर मागे येणं जिकिरीचं होतं. एकच चौकट ठेवा, आणि तिच्यात पेस्ट करू द्या.

आता मुख्य अर्ज. इथे थोडं थांबू, कारण अनेक उमेदवार इथे अडतात.

प्रत्येक रकान्याच्या शेजारी काही लिहिलेलं दिसतं: वडिलांचं नाव, पिन कोड. पण ते शब्द आणि तो रकाना यांची कोडमध्ये सांगड घातलेली नसेल, तर स्क्रीन रीडर फक्त ‘एडिट, रिकामं’ एवढंच बोलतो. रकान्याच्या आत फिक्या रंगात लिहिलेली सूचना लेबलची जागा घेत नाही. टाइप करायला लागलं की ती पुसली जाते, आणि मंददृष्टीच्या माणसाला ती आधीही दिसलेली नसते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असं प्रमाण हवं, असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

आपल्याकडच्या अर्जांत ‘होय’ आणि ‘नाही’ची भलीमोठी रांग असते. माजी सैनिक आहात का? प्रकल्पग्रस्त? खेळाडू? अनाथ? नॉन-क्रीमीलेयर आहे का? ही बटणं प्रश्नाशी जोडलेली नसली, तर ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? ‘होय, रेडिओ बटण. नाही, रेडिओ बटण. होय, रेडिओ बटण. नाही, रेडिओ बटण.’ कुठला होय कुठल्या प्रश्नाचा, हे अंदाजाने ठरवायचं, आणि अंदाज चुकला की खोटी माहिती दिल्याचा ठपका. कोडमध्ये प्रत्येक प्रश्न आणि त्याची दोन उत्तरं एका गटात बांधली, की ‘माजी सैनिक आहात का, होय’ असं पूर्ण ऐकू येतं. डेव्हलपरच्या दृष्टीने हे काही मिनिटांचं काम आहे.

जिल्हा आणि तालुक्याची यादी हे दुसरं दुखणं. जिल्हा निवडला की तालुके यावेत म्हणून अनेक साइट अख्खं पान पुन्हा लोड करतात. माउस वापरणाऱ्याला ते जाणवतही नाही. कीबोर्डवर मात्र बंद यादीत खालचा बाण दाबला, की विंडोजमध्ये पुढचा जिल्हा लगेच ‘निवडलेला’ ठरतो. म्हणजे पहिल्याच जिल्ह्यावर पान लोड होतं आणि कर्सर थेट वर, पानाच्या सुरुवातीला जातो. परत टॅब दाबत खाली यायचं, पुन्हा बाण, पुन्हा लोड. छत्तीस जिल्ह्यांच्या यादीत यवतमाळ शेवटी असेल, तर तिथपर्यंत उमेदवार पोचणार कसा? उमेदवारांसाठी एक युक्ती सांगतो: आधी ऑल्ट दाबून धरून खालचा बाण दाबा, यादी उघडेल, मग बाणांनी जिल्हा शोधा आणि एंटर द्या. पण ही झाली पळवाट. साइट बनवणाऱ्याने फक्त तालुक्यांची यादी बदलावी, कर्सर होता तिथेच ठेवावा, आणि तालुके आल्याचं स्क्रीन रीडरला कळेल असं करावं.

चूक झाल्यावर रकान्याभोवती लाल चौकट येते. ज्याला दिसत नाही त्याला ती कळत नाही, ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यालाही ती चकवते. सादर करा म्हटल्यावर पान तसंच राहतं आणि काय बिघडलं ते कोणी सांगत नाही. कर्सर चुकांच्या यादीवर न्या, यादीतली प्रत्येक ओळ त्या त्या रकान्याची लिंक करा, आणि शब्दांत सांगा: पिन कोड सहा अंकी हवा.

दिव्यांगत्वाच्या भागात तर अर्ज कायद्यालाच धरून नसल्याचं सापडतं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. यादी जुनीच राहिली तर ॲसिड हल्ल्यातून वाचलेली मुलगी किंवा पार्किन्सनचा रुग्ण कुठला पर्याय निवडणार? लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या माणसाची, मागणीही कित्येकदा कोडमध्ये ४० टक्के दिव्यांगत्वाला बांधलेली असते. त्याहून कमी आकडा टाकला की तो प्रश्नच गायब. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की लेखनिकाची सोय फक्त लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांपुरती ठेवता येत नाही. म्हणून हा प्रश्न सर्वांना दिसू द्या.

फोटो आणि सही अपलोड करताना ठरावीक केबी, ठरावीक लांबी-रुंदी, आणि माउसने ओढून कापायची चौकट. हात थरथरतात त्याला ओढणं जमत नाही, दिसत नाही त्याला कुठे कापलं ते कळत नाही. फोटो लहान करायचं काम सर्व्हरला करू द्या. अपलोड झाल्यावर फाइलचं नाव, आकार आणि ‘स्वीकारली’ हे शब्दांत सांगा. सही करता येत नाही त्याच्यासाठी अंगठ्याच्या ठशाचा पर्याय ठेवा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून लाइव्ह फोटो मागत असाल, तर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणातला निकाल जरूर वाचा. तो बँकांच्या डिजिटल केवायसीबद्दल आहे, पण डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

वेळेबद्दल थोडक्यात. वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा, असं झालं आणि भरलेलं सगळं गेलं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. निकष असा की वेळ संपण्याआधी सूचना द्यावी, साध्या कृतीने वेळ वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत, आणि अशी वाढ किमान दहा वेळा घेता यावी. प्रत्येक पानावर मसुदा जतन होऊ द्या.

आता हे तपासायचं कसं? आधी माउस काढून ठेवा. टॅब, शिफ्ट-टॅब, बाण, स्पेस आणि एंटर एवढ्यावर नोंदणीपासून शुल्क भरल्याच्या पावतीपर्यंत जा. कर्सर कुठे आहे ते प्रत्येक क्षणी दिसलं पाहिजे. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावा, त्यातल्या ई-स्पीक या आवाजात मराठीही आहे, आणि स्क्रीन बंद करून तोच अर्ज भरा. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा तिथला स्क्रीन रीडर लावून पुन्हा भरा, कारण कित्येक उमेदवार फोनवरूनच भरतात. पान चारशे टक्के मोठं करून बघा, आडवं सरकवावं लागता कामा नये. आपोआप तपासणारी साधनं जरूर चालवा, पण चित्राचंच घ्या, त्याला वर्णन आहे की नाही एवढंच ती सांगतात. वर्णन बरोबर आहे का, ते सांगत नाहीत. आणि वर कोपऱ्यात ‘अ’ लहान-मोठा करायची बटणं लावली म्हणजे काम झालं, असं समजू नका. मोडलेला अर्ज त्यांनी दुरुस्त होत नाही. शेवटी अंध, मंददृष्टी, एका हाताने टाइप करणाऱ्या आणि कर्णबधिर माणसांकडून, त्यांना मानधन देऊन, हा अर्ज भरून घ्या. हे सगळं जाहिरात निघण्यापूर्वी. मुदत सुरू झाल्यावर दुरुस्ती म्हणजे कोणाचे तरी दिवस वाया घालवणं.

अधिकाऱ्यांनी हे निविदेतच लिहावं. डिजिटल सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस १७८०२, सरकारी वेबसाइटसाठीची जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वं, आणि डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय वेब-सुगम्यता निकषांची ‘एए’ पातळी, ही तिन्ही नावं अटीत हवीत, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवण्याचं कलमही. नुसतं ‘वेबसाइट दिव्यांगस्नेही असावी’ एवढं वाक्य कंत्राटदाराला काहीच बांधत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सुगम्यतेच्या नियमांबद्दल सांगितलं: केवळ मार्गदर्शनपर नियम पुरेसे नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत.

मदत केंद्राचा फक्त फोन नंबर देऊ नका. कर्णबधिर उमेदवार फोनवर बोलणार कसा? ईमेल आणि संदेशाची सोय ठेवा, आणि मुदत संपण्याआधी उत्तर जाईल याची जबाबदारी एका माणसाला द्या.

उमेदवारांनो, अर्ज अडला तर त्याच दिवशी भरती करणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ, कुठला ब्राउझर, कुठला स्क्रीन रीडर, कुठली कळ दाबली आणि काय ऐकू आलं, हे क्रमाने लिहा. ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येईल, आमच्याकडे चालते. मुदतवाढ किंवा पर्यायी मार्गाने अर्ज स्वीकारण्याची मागणी त्याच पत्रात करा आणि पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही, तर ती पोच जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला तक्रार पाठवा. अर्जाची शेवटची तारीख पत्रात पहिल्याच ओळीत लिहा.

नमस्कार.