साडेचार किलो बार्ली आणि एक वॉटर कूलर

(मिलमधून बादलीत पडणारे दाणे, अगदी जवळून)

आज आपण घरी, थेट धान्यापासून बिअर बनवतोय, पेल एल नावाची फिकट बिअर. हे जे आता बादलीत पडतंय ना, ते नीट बघा. पीठ नाहीये हे. दाणा फुटलाय पण वरचं साल जवळपास अख्खं राहिलंय, आणि ते तसंच राहायला पाहिजे, कारण पुढे रस गाळायची वेळ येते तेव्हा हीच सालं गाळणीचं काम करतात, आणि त्यांचा भुगा झाला की सगळं तुंबून बसतं. साडेचार किलो पेल मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली, आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास क्रिस्टल मॉल्ट, रंगासाठी आणि किंचित कॅरॅमलसारख्या चवीसाठी. धान्य एवढंच. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या बॅचला एवढं पुरतं.

आपण आहोत अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या कॉर्वॅलिस गावात, मेधाताईंच्या गॅरेजमध्ये. ताई मूळच्या सांगलीकडच्या, आता बरीच वर्षं इकडे. गाडी बाहेर रस्त्यावर, आणि आत प्रोपेनची शेगडी, दोन मोठी स्टीलची पातेली, आणि तो नारिंगी रंगाचा मोठा वॉटर कूलर, इथे शाळांच्या मॅचला मैदानाच्या कडेला ठेवलेला असतो तसलाच. आतल्या बाजूने तोटीला स्टीलची जाळीदार नळी लावलीय. महागडं मशीन वगैरे काही नाही, आज सगळं ह्या कूलरमध्येच होणार आहे.

बिअर म्हटलं की डोळ्यासमोर बाटली येते, लेबल येतं, धान्य कुणालाच आठवत नाही, आणि खरं तर सगळं तिथूनच सुरू होतं. मॉल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली. दाणे भिजवायचे, मोड यायला लागले की गरम हवेवर वाळवायचे, म्हणजे मोड तिथेच थांबतो पण दाण्याच्या आत स्टार्चची साखर करणारी जी एन्झाइम्स तयार झाली ती शाबूत राहतात. पेल एलसाठी हे वाळवणं हलक्या हाताने करतात, म्हणून दाणा फिकट राहतो, आणि बिअरही. ताई मूठभर दाणे हातावर घेऊन दाखवतायत बघा, चावून बघितले तर कुरकुरीत आणि गोडसर लागतात. "आई नाचणी भिजवून फडक्यात बांधून ठेवायची, मोड आले की वाळवून दळायची, लहान बाळाला सत्व म्हणून. हे तेच आहे हो, फक्त धान्य वेगळं."

(कूलरमध्ये गरम पाणी, वाफ, लाकडी पळी)

आता मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात मुरवणं. माझ्या मते पूर्ण दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच, म्हणून इथे जरा थांबूया. साडेतेरा-चौदा लिटर पाणी ७३-७४ अंशांवर तापवलंय, धान्य गार असतं त्यामुळे ते आत पडलं की तापमान उतरतं आणि बरोबर ६७ च्या आसपास येऊन थांबतं. ताई एका हाताने धान्य सोडतायत, दुसऱ्या हाताने ढवळतायत, कुठेही कोरडी गुठळी राहिली तर तेवढा स्टार्च वाया. वास कॅमेऱ्यात येत नाही, पण गॅरेजभर गरम गोड लापशीसारखा वास सुटलेला.

६७ का, तर आत दोन एन्झाइम्स काम करतायत. बीटा अमायलेज, त्याला ६० ते ६५ अंश मानवतात, ते स्टार्चच्या साखळीचं एक टोक धरून छोट्या छोट्या साखरा तोडत जातं, यीस्टला, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या खमिराला, खाता येतील अशा. आणि अल्फा अमायलेज, त्याला सत्तरच्या आसपास बरं वाटतं, ते साखळी मधूनच कुठेही तोडतं, त्यातले काही तुकडे मोठे राहतात, यीस्टला ते खाता येत नाहीत, आणि बिअरला जो भरीवपणा येतो तो बराचसा त्या तुकड्यांमुळे. म्हणजे तुम्ही थर्मामीटरवर दोन अंश इकडे की तिकडे ठेवता त्यावर बिअर कोरडी होणार की भरीव हे ठरतं, आणि हे तुमच्या हातात असतं! बरेच जण सुरुवातीला डब्यातलं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मॉल्टचा आटवलेला रस, वापरतात, त्याने बिअर होते, चांगलीही होते, ताईंनीही तिथूनच सुरुवात केली. पण डबा घेतला की हा तास कारखान्यात दुसऱ्याच कुणीतरी करून ठेवलेला असतो, ६७ ठेवायचं की ६५ हे त्यांनी ठरवलेलं असतं. धान्यापासून केलं की ते तुम्ही ठरवता. म्हणून मी ज्याला त्याला सांगतो, दोन-तीन बॅच डब्यावर करा, हात बसवा, पण नंतर धान्यावर या.

(पांढऱ्या बशीत आयोडिनचा थेंब)

हे बघा. सुरुवातीला काढलेला नमुना, त्यावर आयोडिनचा एक थेंब टाकला की काळा-निळा. स्टार्च अजून आहे. आणि हा तासाभरानंतरचा, थेंब तसाच तपकिरी राहिलाय, रंग फिरलाच नाही. स्टार्च संपला, साखर झाली. तपासलेला नमुना टाकून द्यायचा, परत कूलरमध्ये ओतायचा नाही.

मग तोटी उघडायची, हळू, अगदी हळू. पहिला रस गढूळ येतो, तो जगमध्ये घेऊन वरून परत सोडायचा, असं दोन-चार जग केलं की आतला सालांचा थर बसतो आणि रस स्वच्छ यायला लागतो. आता जो येतोय त्याचा रंग बघा, मध पातळ केल्यासारखा. ह्याला वर्ट म्हणतात. धान्य जवळपास साडेचार लिटर पाणी स्वतःच पिऊन टाकतं, ते काही परत मिळत नाही, म्हणून ७६ अंशांचं आणखी सोळा लिटर पाणी घालून, ढवळून, उरलेली साखर धुऊन घ्यायची. दोन्ही मिळून पातेल्यात पंचवीस लिटर.

(पातेलं, फेस वर येताना)

उकळी फुटायच्या वेळी पातेल्याजवळून हलायचं नाही. दुधासारखंच उतू जातं हे. फेस खाली बसला की पहिले हॉप्स, म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं, ३० ग्रॅम, आणि तास मोजायला सुरुवात. हे तासभर उकळतात, त्याने कडवटपणा येतो. शेवटची दहा मिनिटं राहिली की आणखी ३०, आणि गॅस बंद केल्यावर आणखी ३०, ते वासासाठी, कारण वास जास्त उकळीत उडून जातो.

आणि हे हॉप्स आहेत कॅस्केड, ह्याच गावचे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हॉप्सचा कार्यक्रम इथे ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत चालायचा, तिथे १९५६ साली गोळा केलेल्या बियांपासून निवड करत करत ही जात १९७२ मध्ये बाहेर आली. चुरून हुंगलं तर ग्रेपफ्रूटच्या, म्हणजे पपनसाच्या जातीतल्या फळाच्या, सालीसारखा वास. पेल एल मूळची इंग्लंडची, लंडनहून जहाजांनी मुंबई-कलकत्त्याला जायची, पण आज जिला अमेरिकन पेल एल म्हणतात तिचा वास हा कॅस्केडचा वास आहे. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन ह्यांनी सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, सुरू केली आणि ह्याच हॉप्सवर त्यांची पेल एल देशभर गेली. त्याआधी हे ग्रॉसमन काय करायचे, तर चिकोमध्येच घरी बिअर बनवायच्या सामानाचं दुकान चालवायचे. अमेरिकेत १९३३ ला दारूबंदी उठली, घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण बिअर त्यात राहूनच गेली, ती थेट १९७८ मध्ये, जिमी कार्टर ह्यांनी सही केली तेव्हा. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. एवढी छोटी दुरुस्ती, पण त्यानंतर जे छोटे ब्रुअर उभे राहिले त्यातले कितीतरी अशाच गॅरेजमधून आले.

(तांब्याची वेटोळी नळी, पाईपमधून गार पाणी)

उकळतं पातेलं २० अंशांवर आणायचं, आणि पटकन. आता इथून पुढे जे काही ह्या रसाला लागेल, चमचा, झाकण, नळी, सगळं सॅनिटायझरमधून काढलेलं पाहिजे, ह्यात कंटाळा चालत नाही. हायड्रोमीटर, म्हणजे रसात किती साखर आहे ते दाखवणारं मापक, तरंगतोय, १.०५० (साधं पाणी १.०००). बरोबर ठरवलं होतं तेवढंच, ताईंचा चेहरा बघा.

११ ग्रॅमचं एल यीस्टचं पाकीट वरून भुरभुरायचं, झाकण, एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी तोटी, आणि अठरा-वीस अंशांच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी असा बुडबुडा चालू. दोन आठवड्यांत हायड्रोमीटर १.०११ वर येऊन थांबला, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जरासं वर. मग बाटल्या, मोजून साखर, आणि आणखी दोन आठवडे.

(शेजारच्या कोंबड्या)

आणि हे उरलेलं धान्य. शेजारच्यांच्या कोंबड्या ताईंना लांबून ओळखतात. ओलं धान्य जास्त वेळ ठेवता येत नाही, आंबतं, त्यामुळे त्याच दिवशी संपवायचं, थोडं ताई वाळवून पोळीच्या पिठात मिसळतात. एक मात्र लक्षात ठेवा, उकळलेल्या हॉप्सचा चोथा कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये, त्यांना त्याने जिवावर बेतेल इतका ताप चढतो. तो चोथा थेट झाकणाच्या डब्यात.

हे सगळं ओरेगनमध्ये कायदेशीर आहे, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा बघा, शिका, पण तिकडे करू नका. आणि गाडी चालवायची असेल तर इथेही प्यायची नाही.

(ग्लासमध्ये ओतताना)

तांबूस सोनेरी, फेस बोटभर, आणि टिकतोय. आधी तो ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास, मग बिस्किटासारखं धान्य, आणि कडवटपणा सगळ्यात शेवटी. ताईंच्या वहीत ह्या बॅचसमोर लिहिलंय, चव छान, थोडी जास्त भरीव. पुढच्या वेळी धान्य तेच, हॉप्स तेच, यीस्ट तेच, फक्त मॅश ६५ ला.